पावलं मोजणारे शाचो

शाचोंनी मला कामावर घेताना दोनच प्रश्न विचारले. पहिला, मांस खाता का. मी म्हटलं, साताऱ्याची आहे, रविवारी मटण नसलं तर आमच्या घरात कुणी आजारी असल्यासारखं वाटतं. दुसरा प्रश्न, माणसाच्या केसाची जाडी किती असते. मी विचारलं, कुणाच्या केसाची, माझ्या की तुमच्या? त्यांच्या डोक्यावर तेव्हा मोजण्याइतकेच केस शिल्लक होते. ते डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, उद्या दहाला या.

शाचो म्हणजे कंपनीचा प्रमुख. जपानात चार माणसांच्या कारखान्याचा मालकही शाचो आणि एका माणसाच्या दुकानाचा मालकही शाचो. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण मी ते कधी उच्चारलं नाही आणि इथेही लिहिणार नाही. दुकान शिकारीच्या बंदुकांचं आणि गोळ्यांचं. आम्ही टोकियोत फुनाबोरीला राहायचो, तिथून दोन स्टेशनं पुढे, सायकल दुरुस्तीवाला आणि बंद पडलेला फोटो स्टुडिओ यांच्या मधे ते उभं होतं. बाहेरून बघणाऱ्याला ते घड्याळाचं दुकान वाटावं. काचेत एकही बंदूक नव्हती. एक भुसा भरलेला तितर होता, तोही पाठ करून बसवलेला. शाचोंचं म्हणणं, ज्याला आत यायचंय तो तितराचं तोंड बघून येत नाही.

माझं म्हणाल तर मी चाकणला आठ वर्षं एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात होते. ब्रेकचे सुटे भाग. मी सही केल्याशिवाय तिथून एक वॉशरसुद्धा बाहेर पडत नसे. मग नवऱ्याला बँकेच्या आयटीत टोकियोची पोस्टिंग मिळाली, आणि मी एका रात्रीत अमक्यांची मिसेस झाले. माझ्या व्हिसावर आठवड्याला अठ्ठावीस तास काम करायची मुभा होती. बाकीच्या बायका कोनबिनी नावाच्या चोवीस तास उघड्या दुकानांत बाइतो करायच्या, म्हणजे अर्धवेळ नोकरी, नाहीतर मुलांना इंग्रजी शिकवायच्या. सुपरमार्केटच्या फलकावर योगवर्ग आणि हरवलेलं मांजर यांच्या मधे मला एक हाताने लिहिलेला कागद दिसला. इंग्रजी वाचणारी व्यक्ती पाहिजे, मायक्रोमीटर हाताळता येत असल्यास प्राधान्य. मायक्रोमीटर, केसाइतकी जाडी मोजायचं साधन, हा शब्द वाचून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. तिथेच डोळे भरून आले, आणि शेजारी कोबी निवडणारी बाई काळजीने माझ्याकडे बघायला लागली.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला की आईला बंदुकीचं सांगू नकोस. मी सासूबाईंना फोनवर सांगितलं, धातूच्या सुट्या भागांची तपासणी करते. यात खोटं काय होतं?

आता काम काय होतं ते सांगते. काडतूस म्हणजे पितळी नळकांडं, त्यात दारू, आणि त्याच्या तोंडावर बसवलेली गोळी. दारूला आणि भरलेल्या काडतुसाला मी बोटही लावायचं नाही, तो परवाना शाचोंचा. माझ्या वाट्याला आली नुसती गोळी. टेबलावर ठेवली तर करंगळीच्या पेराएवढी, धातूची, निरुपद्रवी. ती परदेशातून मागवायची, तिच्याबद्दलची पत्रं लिहायची, आणि आली की मोजायची. आम्ही आपसांत जपानीतच बोलायचो. माझं जपानी मोडकं होतं, त्यांचं तुटक, त्यामुळे आमचं छान जमायचं.

ही गोळी पूर्वापार शिशाची. शिसं मऊ, जनावरात शिरलं की फुटतं, कण मांसात आणि आतड्यांत राहतात. शिकारी आतडी डोंगरातच टाकून येतो, ती गरुड खातात, आणि शिसं पोटात जाऊन मरतात. उत्तरेकडे होक्काइदोत हरणासाठी शिशाची गोळी म्हणूनच केव्हाची बंद आहे. आमच्या गिऱ्हाइकांच्या डोंगरात तिला अजून परवानगी होती, पण शाचोंच्या मनातून ती उतरली होती. त्यांना हवी होती अख्ख्या तांब्याची गोळी. ती फुटत नाही. आत शिरली की तिचं टोक चार पाकळ्यांत उलगडतं आणि वजन जवळजवळ जसंच्या तसं राहतं. अशा गोळ्या खास बनवणारे कारखाने परदेशात आहेत आणि त्या चांगल्याच महाग पडतात. वीसेक शिकाऱ्यांचा एक गट वर्षानुवर्षं शाचो सांगतील ती गोळी घेत आला होता. शाचोंनी त्यांना शब्द दिला होता, वर्ष संपायच्या आत सांगतो, तांबं घ्यायचं की नाही, आणि घ्यायचं तर कुणाचं.

त्यासाठी पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्यापुढे चार कारखान्यांचे कॅटलॉग टाकले आणि सोबत एक शिसपेन्सिल. भाषांतर नंतर, म्हणाले, आधी कौतुकाचे सगळे शब्द खोडा. मी खोडायला लागले. विध्वंसक, अजोड, जगात अव्वल, शिकाऱ्याचं स्वप्न, सगळं गेलं. पहिल्या कॅटलॉगची चोवीस पानं होती, खोडून झाल्यावर उरलं ते अर्ध्या पानावर मावलं. व्यास, लांबी, वजन आणि पत्ता. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्यात तर एका माणसाचा हसरा फोटो होता, शाचोंनी तोही खोडायला लावला. चौथा कॅटलॉग नव्हताच, दोन पानी कागद होता. त्यात मला खोडायला एकच शब्द सापडला, आणि तोही शाचोंनी वाचून राहू दिला. शब्द होता 'काळजीपूर्वक'.

त्या कारखान्यात पंधरा माणसं होती. शाचोंनी मला त्यांना पत्र लिहायला लावलं. लेथवर कोण असतो, कापायचं हत्यार किती नगांनंतर बदलता, चुकीचा माल कुठे जातो. मी सांगितलं, शाचो, असलं कुणी परक्याला कळवत नाही. चाकणला असं पत्र आलं असतं तर आम्ही ते चहाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून हसलो असतो. पण उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं की सोमवारी सकाळी मशीन थंड असतं, माप जरा सरकतं, म्हणून पहिले पन्नास नग आम्ही भंगारात टाकतो. मी ते दोनदा वाचून दाखवलं. शाचो खुर्चीतून उठले आणि कॉम्प्युटरला कमरेत वाकून नमस्कार केला. ही माणसं सोमवारबद्दल खरं बोलतात, म्हणाले, नमुन्याच्या दोनशे मागवा.

दोनशे गोळ्या आल्या तेव्हा आमचं पहिलं भांडण झालं. मी म्हटलं, रीतीप्रमाणे वीस-पंचवीस काढून तपासते, त्यावरून सगळ्या खोक्याचा अंदाज येतो, अख्खी दुनिया अशीच चालते. त्यांनी विचारलं, हरणाला जी लागेल ती त्या पंचवीसातली असेल का? मी दोनशेच्या दोनशे मोजल्या. माझ्याकडे चाकणची सवय होती, बरोबर मालाला हिरवा ठिपका, चुकीच्या मालाला लाल. कोनबिनीतून चिकटणारे गोल कागद आणले आणि एकेका गोळीची पुडी करून त्यावर ठिपका लावला. पाच लाल निघाल्या. तीन दिवसांनी मी सहज हिरव्याचा खोका पुन्हा काट्यावर ठेवला तर वजन जास्त. उघडून बघते तर लालपैकी एक गोळी हिरवा ठिपका लावून आत बसलेली. शाचो समोर भाताची ओनिगिरी खात होते, चेहरा एकदम कोरा. मी ती गोळी त्यांच्या डब्याशेजारी ठेवली आणि म्हटलं, शाचो, रिजेक्ट माल परत लाइनवर येत नाही, मग मालकाने ठेवला तरी. त्यांनी भात गिळला, पाणी प्यायले आणि त्या दिवसापासून मला केन्सा-सान म्हणायला लागले. केन्सा म्हणजे तपासणी. तपासणीबाई. जपानात आल्यापासून मला कुणी पहिल्यांदाच माझ्या कामावरून हाक मारत होतं, आणि ती मला फार गोड लागली.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरणार नाही. बाराही महिने एकच गडद निळा टाय. शिकारीला जातानाही भगव्या जाकिटाच्या आत तोच टाय. विचारलं तर म्हणाले, डोंगर हे हरणाचं घर आहे, दुसऱ्याच्या घरी जाताना आपण नीट जातो. दुपारी बरोबर बाराला ते दुकानाचं दार आतून लावायचे, मग बाहेर गिऱ्हाईक पावसात उभं का असेना. आणि त्यांचा मोठा खजिना म्हणजे एका जुन्या काढेवाल्याच्या दुकानातून आणलेलं कपाट, शंभरएक छोट्या खणांचं. त्यात औषधाच्या मुळ्यांऐवजी गोळ्या होत्या, जनावरातून परत काढलेल्या. नियम असा की आमच्याकडची गोळी वापरली आणि ती जनावरात सापडली, तर धुऊन दुकानात आणून द्यायची. प्रत्येक खणात एक गोळी आणि एक चिठ्ठी. जनावर कोणतं, कुणी आणि किती अंतरावरून मारलं, आणि शेवटी पावलं.

पावलं म्हणजे गोळी लागली तिथपासून जनावर पडलं तिथपर्यंत शिकाऱ्याने स्वतः चालून मोजलेली पावलं. शाचोंच्या लेखी गोळीची खरी परीक्षा तीच. कारखाना काय म्हणतो, मासिकं काय म्हणतात, याला किंमत शून्य. हरीण दहा पावलं गेलं का दोनशे? जितकी पावलं जास्त, तितका वेळ ते जनावर दुखत चाललं. एकदा मी विचारलं, एवढं जिवाला लागतं तर मारताच कशाला? त्यांनी सांगितलं, डोंगरात हरणं इतकी वाढलीत की झाडांच्या साली खाऊन रानं वाळवतात, कुणीतरी मारणार हे ठरलेलंच आहे. मग हातातली गोळी दिव्याखाली फिरवत म्हणाले,

"हरणाला आपल्याकडून मिळणारी ही एकच वस्तू आहे, केन्सा-सान. ती तरी नीट निवडून द्यावी."

मला वाटतं, त्या एका वाक्यासाठी मी तिथे पुढची दोन वर्षं राहिले.

गिऱ्हाइकांशी मात्र ते फार वाईट वागायचे. आमच्या गटात एक दातांचे डॉक्टर होते. माणूस दिलदार, पण हौस दांडगी. सगळ्यात महाग आणि सगळ्यात जड गोळी द्या म्हणायचे. शाचो विचारायचे, नेमबाजीच्या सरावाला रेंजवर शेवटचं कधी गेलात. डॉक्टर म्हणायचे, वेळ मिळाला नाही. मग गोळी मिळणार नाही, शाचो म्हणायचे, आधी साध्या गोळ्यांनी सराव करून या. डॉक्टर म्हणायचे, अहो मी दाम मोजतोय. शाचो शांतपणे सांगायचे, ते हरणाला सांगा. डॉक्टर दर वेळी रागावून जायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा यायचे. येताना माझ्या मुलीसाठी टूथब्रश आणायचे. आमच्याकडे अजून त्यांनी दिलेले टूथब्रश आहेत.

आता एक गोष्ट कबूल करायची आहे. पहिल्यापासून शाचो सगळं मला वाचायला लावायचे. कॅटलॉग, पत्रं, ते ठीक. पण काट्यावरचा आकडाही मीच मोठ्याने वाचायचा, मायक्रोमीटरचाही मीच, खणातल्या जुन्या चिठ्ठ्यांवरची पावलंही. मी म्हणायचे, माझं इंग्रजी चांगलं म्हणून. पण आकडे काय इंग्रजी असतात? आकडे सगळीकडे तेच. आठ वर्षं लोकांच्या चुका पकडण्यात घालवलेल्या बाईला एवढी साधी गोष्ट दिसली नाही. की दिसली आणि मी बघायचं टाळलं, ते मलाही नक्की सांगता येणार नाही. मला तो माझ्या कामाचा मान वाटत होता, आणि मान कुणाला नको असतो?

नोव्हेंबरच्या मध्याला शिकारीचा मोसम उघडला. शाचोंनी ठरवलं होतं, नव्या गोळीची पहिली परीक्षा आपण स्वतः घ्यायची, गटासमोर. मलाही बोलावलं, मोजमाप घ्यायला. पहाटेच्या गाडीने अडीच तासांचा प्रवास करून आम्ही डोंगरातल्या गावाला पोचलो. मला भगवं जाकीट आणि टोपी दिली. गटातले आठजण होते, त्यात डॉक्टरही. थंडी अशी की बोलताना दात वाजत होते, आणि सगळा डोंगर मेपलच्या लाल पानांनी भरलेला.

साडेनऊच्या सुमाराला पलीकडच्या उतारावर एक हरीण उभं राहिलं. आमच्यापासून साधारण शंभर मीटर. शाचो शिकवायचे, नेम पुढच्या पायाच्या मागे, चार बोटं. तिथे फुप्फुस आणि हृदय असतं, जनावर दोन-चार पावलांत बसतं. त्यांनी रायफल टेकवली, दुर्बिणीला डोळा लावला, बराच वेळ लावला. मग बार झाला. हरीण उडालं, पाठीत वाकलं आणि झाडीत शिरलं.

आम्ही ते उभं होतं तिथे गेलो. मी तिथून मोजायला सुरुवात केली, मराठीत, मनातल्या मनात. माग रक्ताच्या थेंबांचा काढायचा असतो. लाल पानांवर लाल थेंब कुणालाच दिसत नव्हते, आम्ही सगळेच वाकून चाललो होतो. दीडशेव्या पावलाला एक ओढा लागला. ओढ्यात एक पांढरा दगड होता, ताटाएवढा, आणि त्याच्या बरोबर मध्यावर रक्ताचा टपोरा थेंब. शाचो सगळ्यांच्या पुढे होते. ते त्या दगडावरून पाय टाकून पलीकडे गेले आणि म्हणाले, माग इथे संपला.

डॉक्टरांनी तो थेंब बघितला, मीही बघितला. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. मी एवढंच म्हटलं, शाचो, डावीकडे आहे, आणि पुढे झाले.

हरीण सापडलं तेव्हा माझा आकडा चारशे अकरा झाला होता. ते जिवंत होतं. गटातल्या एकाने पुढचं लगेच संपवलं. त्या चारशे अकरा पावलांत ते किती वेळा थांबलं असेल, याचा हिशेब मी केला नाही. शाचो त्याच्याजवळ गुडघे टेकून बसले, टाय जमिनीला लागेपर्यंत वाकले, आणि बराच वेळ उठले नाहीत. गोळी पोटात शिरून मागच्या पायाच्या कातडीखाली अडकली होती. त्यांनी ती काढली, ओढ्यात धुतली आणि माझ्या हातात दिली.

गावाकडे उतरताना गटाने निकाल देऊन टाकला होता. तांबं कामाचं नाही. चारशे पावलं, शिशाने कधी एवढी चालवली नाहीत. आपण शिसंच वापरू. हे बोलण्यात डॉक्टर सगळ्यात पुढे होते, आणि मला तेव्हाच कळलं की त्यांना गोळीबद्दल काही म्हणायचं नव्हतं. ते म्हाताऱ्याची अब्रू झाकत होते. शाचो एवढंच म्हणाले की सोमवारी केन्सा-सान तपासतील, मग बोलू.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, अगं, बाइतो आहे हा, गोळी खराब म्हण आणि मोकळी हो. म्हातारा सुखाने राहील. वसंतात त्यांच्या रायफलच्या परवान्याचं नूतनीकरण होतं, ते कसंबसं पार पडलंही असतं. त्याचं चूक नव्हतं. गोळीवर लाल ठिपका लावला की झालं. पंधरा माणसांच्या त्या कारखान्याला कधी कळलंही नसतं. शाचो पुढच्या मोसमात पुन्हा रायफल घेऊन डोंगरात गेले असते, शिशाची गोळी घेऊन, आणि पुन्हा कुणीतरी पावलं मोजली असती. रविवारभर मी पोळ्या करपवल्या.

सोमवारी दहाला दुकानात गेले. शाचो टाय लावून टेबलासमोर उभे होते. मी गोळी काट्यावर ठेवली आणि आकडा मोठ्याने वाचला. वजन जवळजवळ पूर्ण. पाकळ्या चार, चारही शेवटपर्यंत उघडलेल्या, एकही तुटलेली नाही. व्यास दुपटीच्या जवळ. मी आठ वर्षांत इतका बरोबर नग पाहिला नव्हता. कागद भरून झाला तरी माझा हात ठिपक्यांच्या पाकिटाकडे जात नव्हता.

"निकाल सांगा, केन्सा-सान."

"गोळी बरोबर आहे."

"मग चारशे अकरा का?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. म्हटलं, "शाचो, तुम्हाला हरणाचा पुढचा पाय दिसला होता का?"

बाहेर सायकलवाला कुणाच्या तरी चाकात हवा भरत होता. तो आवाज थांबल्यावर शाचो म्हणाले, "हरीण दिसलं होतं."

मी पाकीट उघडलं, हिरवा ठिपका काढला आणि गोळीच्या पुडीवर लावला. हात पुढे करून शाचोंनी ते पाकीट माझ्याकडून घेतलं. डोळ्यांजवळ नेलं, दोन-तीन ठिपके चाचपडले, मग एक माझ्यासमोर धरला आणि विचारलं, हा लाल आहे ना? मी हो म्हटलं. त्यांनी तो स्वतःच्या टायवर लावला, बरोबर मध्यावर, आणि तितराची धूळ झटकायला गेले.

दिवसभर ते तसेच दुकानात वावरले. संध्याकाळी डॉक्टर आले, गटाचा निरोप घेऊन, की आम्ही तांब्याचा विचार सोडलाय. मग त्यांना टायवरचा ठिपका दिसला. हे काय म्हणून त्यांनी विचारलं. रिजेक्ट, शाचो म्हणाले. खण उघडला, हिरवा ठिपका लावलेली पुडी आणि चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात ठेवली आणि सांगितलं, गोळी पास झाली, माणूस नापास झाला, वीसजणांची ऑर्डर केन्सा-सानना लिहून द्या. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली. शिकाऱ्याच्या नावापुढे शाचोंनी स्वतःचं नाव घातलं होतं आणि पावलांपुढे चारशे अकरा. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि यादी लिहायला बसले. त्या यादीत त्यांच्या स्वतःच्या नावापुढे त्यांनी आधी 'रेंजवर सराव' असं लिहिलं आणि मग गोळ्या.

वसंतात शाचोंनी परवान्याचं नूतनीकरण न करता रायफल जमा केली. दुकान चालूच होतं. डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, एक डोळा थोडा सुधारला, दुसरा नाही. टायवरचा ठिपका सुटला की ते माझ्याकडून नवा मागून घ्यायचे. शिकारी लोक त्याबद्दल बोलायचे नाहीत, नवखं गिऱ्हाईक विचारायचं. त्याला शाचो सगळी गोष्ट पहिल्यापासून ऐकवायचे, आणि मग ते गिऱ्हाईक गोळी विकत घेण्याआधी रेंजचा पत्ता विचारायचं.

पुढच्या नोव्हेंबरात आम्ही पुन्हा डोंगरात गेलो. शाचो बंदुकीशिवाय, भगवं जाकीट, आत टाय, टायवर ठिपका. पावलं मोजायला गटाने त्यांनाच बोलावलं होतं. माझी ती शेवटची शिकार, कारण जानेवारीत नवऱ्याची बदली ओसाकाला व्हायची होती. डॉक्टर वर्षभर रेंजवर घाम गाळून आले होते. त्याच उतारावर हरीण आलं. डॉक्टरांनी तीन वेळा नेम धरला, दोन वेळा बंदूक खाली घेतली, तिसऱ्यांदा बार केला. हरीण होतं तिथेच बसलं.

शाचो उतार चढून तिथे पोचले, वाकले, टाय जमिनीला लागला. उठले तेव्हा त्यांना मोजायला काहीच नव्हतं. शून्य, ते म्हणाले, आणि डॉक्टरांनी टोपी काढली. मग शाचो माझ्याकडे वळले आणि टायवर बोट ठेवून विचारलं,

"केन्सा-सान, आता हा काढू का?"

मला रडू येत होतं. तरी म्हटलं, "नाही, शाचो. रिजेक्ट माल परत लाइनवर येत नाही."

ते इतक्या मोठ्याने हसले की डॉक्टर दचकले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मग त्यांनी टाय सरळ केला, ठिपका अंगठ्याने दाबून घट्ट बसवला, आणि मला चिठ्ठी लिहायला सांगितली. मी लिहिली. शून्य मोठं काढलं, त्यांना वाचता येईल एवढं.